झाकणाच्या आतला क्रूस

दार लोटून घ्या, आणि तो फोन उलटा ठेव रे. ऐकायचं तर धड ऐका, नाहीतर सरळ झोपा. मला अर्धवट ऐकणारी माणसं खपत नाहीत.

माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता. शवपेट्या करायचा. हात साफ, जीभ तिखट. त्याची एक रीत होती. पेटी झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर चेहऱ्यावर येईल असा, वीतभर क्रूस ठोकायचा. वरचा क्रूस लोकांसाठी, आतला जाणाऱ्यासाठी. घरच्यांना सांगायचा, "अंधारात एकटं वाटणार नाही. डोळ्यांसमोर तोच आहे." रडून रडून सुकलेली माणसं तेवढ्यावर घोटभर पाणी प्यायची.

मग त्याचीच बायको गेली. आजार लांबला होता. दोघं रोज हात धरून प्रार्थना करायची. ती गेल्यावर तिची पेटी यानं स्वतः केली, आणि आतला क्रूस लावलाच नाही. ज्यानं आपलं ऐकलं नाही, त्याला तिच्यासमोर कशाला ठेवायचा? असा राग. तयार केलेला क्रूस फडक्यात बांधून हत्यारांच्या पेटीत तळाला टाकला.

सासूबाई त्याच्याकडेच राहायच्या. दफनाहून परतल्यावर त्यांनी विचारलं, "आतला लावलात ना हो?"

"लावला, आई."

राग काय, महिन्याभरात उतरला. खोटं मात्र गळ्याशी आलं. सासूबाई रोज जेवणाआधी डोळे मिटून म्हणायच्या, "देवा, माझ्या लेकीसमोर तू आहेस, म्हणून मला झोप लागते." याचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. चर्चला जाणं सोडलं. काम फार आहे म्हणायचा. कसलं काम आलंय? लाज वाटत होती. कुठल्या तोंडानं जाणार?

तर नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मास्तरांचं दफन होतं, म्हणून रात्री अकराच्या सुमारास हा पेटी टेम्पोत घालून चर्चकडे निघाला. वाटेवर कबरस्तानाची भिंत लागते, बायको तिथंच पुरलेली. चंद्र नव्हता. वाराही नव्हता.

भिंतीपाशी मागून आवाज आला.

टक.

खड्डा असेल, म्हणाला.

टक... टक.

लाकडाचा आवाज सुताराला का शिकवायचा? कोणीतरी नखानं वाजवत होतं. आतून.

टेम्पो थांबवला. आवाजही थांबला. मागं गेला. झाकण उचललं... रिकामी. दुपारी ठोकलेला क्रूस जागच्या जागी. झाकण लावलं.

टक.

या खेपेला शवपेटीतून नाही. शेजारी ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीतून.

हात पुढं होईना. रस्त्यावरच गुडघ्यांवर आला. प्रार्थनेला तोंड उघडलं, तर शब्दच नाहीत. मग एवढंच निघालं, "मी लावला नाही. तिला अंधारात ठेवलं मी. देवा, मला लाज वाटते रे."

आणि रडला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा, हमसून हमसून. मग भीती गेली. शेजारी कोणीतरी येऊन बसावं तसं वाटलं, असं तो मला म्हणाला. टकटक पुन्हा झाली नाही.

शवपेटी पोचवून घरी आला. सासूबाई जाग्या होत्या. यानं पायांतले बूटसुद्धा काढले नाहीत. "आई, मी खोटं बोललो," म्हणाला, आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

म्हातारी उठून बसली.

मग म्हणाली, "आणा तो क्रूस."

हत्यारांची पेटी आणली. रंधा काढला. पटाशा काढल्या. तळाला फडकं होतं. गाठ तशीच. सोडली...

क्रूस नव्हता.

फडक्यात केसांची पिन होती. निळ्या मण्याची. ओल्या मातीनं भरलेली.

सासूबाईंनी ती उचलली. अंगठ्यानं मणी पुसला. "झाकण लावायच्या आधी मीच खोचली होती," त्या म्हणाल्या. "तिच्या केसांत." मग त्यांनी जावयाचा हात ओढून आपल्या हातात घेतला. "क्रूस तिच्यापाशी पोचला म्हणायचा. उद्या चर्चला चला माझ्याबरोबर."

पिन अजून त्या घरात आहे. मी पाहिलीय. मण्याच्या भोकात थोडी माती राहिलीय.

इतकी वर्षं झाली... ती अजून ओलीच आहे.