खिडकीकडची कड

बिलियर्ड्ससारखा पूल खेळतात त्या टेबलाच्या कडा करायला सुतार पुरतो, पण त्यांना रबर बसवायला सोनाराचा हात लागतो, असं तो सुतार ज्याला त्याला सांगे. त्याच्या धाकट्या बहिणीचं त्यावर ठरलेलं उत्तर असे, "मग निदान नखं तरी साफ ठेव."

लाकूड तो बघायचा, कापड ती ताणायची. त्या सकाळी क्लबच्या वरच्या हॉलमधलं त्यांचं काम संपत आलं होतं. कडा टेबलाच्या दगडी लादीला बोल्टांनी आवळल्या होत्या. रबराची पट्टी न ताणता, न दाबता चिकटवली होती. तिचं नाक, म्हणजे पुढे आलेली धार, चेंडूच्या मध्याहून किंचित वर यावं लागतं, तसंच आलं होतं. हिरव्या कापडावर स्वच्छ ऊन पडलं होतं. संध्याकाळी उद्घाटन होतं.

सुताराने चेंडू सोडून पाहिला. बाकीच्या कडांवरून तो ठणकन परतला. खिडकीकडच्या आखूड कडेला मात्र जाऊन टेकला आणि जागीच थांबला. आवाजसुद्धा झाला नाही. कुणी अलगद झेलल्यासारखा.

रबर सुटलं असेल म्हणून त्याने बोटाने दाबत पाहिलं. कुठेच पोकळ नव्हतं. कापड सैल असेल म्हणाला, तर बहीण फुरंगटली. शेवटी वैतागून त्याने बोल्ट काढले आणि समोरासमोरच्या दोन्ही आखूड कडांची अदलाबदल केली. खोट कडेत असेल तर ती कडेबरोबर इकडे येणार, हा साधा हिशेब.

खोट खिडकीकडेच राहिली.

"दादा, हे रबराचं नाही," बहीण म्हणाली.

त्याने तिला खिडकीपाशी वाकून कडेवर हात ठेवायला सांगितलं. धक्का कळतो का, एवढंच बघायचं होतं. मग या टोकाकडून चेंडू सोडला.

या वेळी तो कडेपर्यंत पोचलाच नाही. बोटभर अलीकडे थांबला आणि हळूहळू मागे यायला लागला. लादीची पातळी त्याने स्वतः तपासली होती. तरी चेंडू सरळ त्याच्यापाशी आला. त्याने तो दोन्ही हातांत उचलला. चेंडू कोमट होता, ओलसर होता. घामेजल्या मुठीत बराच वेळ राहिल्यासारखा.

हे सांगायला त्याने मान वर केली. बहीण तशीच वाकलेली होती, खाली बघत.

"दादा, हात सोड ना."

दोघांच्या मध्ये अख्खं टेबल होतं.

त्याने चेंडू कापडावर ठेवला. त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. तिने मान उचलली, त्याचे हात पाहिले.

तो धावला, तिला खांद्याला धरून ओढलं. ती लगेच निघाली, कशालाही न अडकता. हत्यारं तिथेच टाकून दोघं जिना उतरली. खाली रखवालदाराने काम झालं का विचारलं, तर सुताराने नुसती मान हलवली.

टेम्पोत बसल्यावर त्याच्याच्याने किल्ली लागेना. तो काहीबाही बोलत सुटला, उन्हाने गोंद पातळ होतो, नव्या रबराला वास येतो, डोकं जड होतं. हत्यारं आणायला उद्घाटनाआधी कुणाला तरी पाठवू.

"सुटलीस ना एकदाची? झालं तर मग."

ती समोर बघत होती. तिचा हात दोघांच्या मधल्या सीटवर पडला होता, तळवा वर.

"सुटले कुठे," ती हलकेच म्हणाली.

सुताराने खाली पाहिलं. मधल्या रिकाम्या जागेवरचं रेक्झिन हळूहळू दबत चाललं होतं, कुणीतरी सावकाश टेकून बसावं तसं.