साधं पाणी का झोंबलं?

साधं पाणी झोंबत नाही. मिरची झोंबते, जखमेवर लावलेलं औषध झोंबतं, डोळ्यात गेलेला साबण झोंबतो. पण २०६१ सालच्या मार्च महिन्यात, परभणीतल्या आपल्या घराच्या न्हाणीघरात मनवानं नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि ती कळवळून मागे सरली. तिनं पाणी जिभेवर घेऊन पाहिलं. साधंच होतं. पुन्हा गालाला लावलं, तर पुन्हा तशीच आग.

"नमस्कार मनवा," बेसिनवरची आरसी गोड आवाजात म्हणाली. "तुझ्या त्वचेची जळजळ होताना दिसते आहे. शीतल जेल, क्रमांक बारा, घरपोच मागवू का?"

त्या काळी बऱ्याच घरांत अशा बोलक्या आरशा होत्या. कंपनी त्या फुकट बसवून द्यायची. चेहरा तपासायच्या आणि मग काय लावायचं ते सांगायच्या.

"अकरा नंबर लावल्यापासूनच जळजळ होतेय," मनवा म्हणाली.

"अकरा नंबरसोबत बारा नंबर घेतल्यास फरक जाणवतो."

मनवानं ओला टॉवेल आरसीच्या तोंडावर फेकला. टॉवेलाखालूनही आरसी बाराव्या बाटलीचे गुण सांगतच राहिली.

सगळं सुरू झालं होतं कपाळावरच्या तीन मुरुमांपासून. मनवा तेरा वर्षांची होती. तिनं आरसीला मुरूम दाखवले, तर आरसीनं तोंड धुण्याचा फेस सुचवला. फेसानं कातडी ओढल्यासारखी झाली, म्हणून क्रीम आलं. क्रीमनं चेहरा तेलकट दिसू लागला, म्हणून घासायची खरखरीत पेस्ट आली. अकराव्या बाटलीनंतर आईनं, म्हणजे शरयूनं, हात जोडले. "आता या घरात एकही नवी बाटली येणार नाही," ती म्हणाली. मग मनवानं घरगुती उपाय धरले. कुणी म्हणालं लिंबू चोळ, कुणी म्हणालं खायचा सोडा लाव, शेजारच्या काकू म्हणाल्या मुलतानी मातीवाचून गत्यंतर नाही. मनवानं सगळं केलं. तीन मुरुमांचे सात झाले, आणि गाल भाजल्यासारखे लाल.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण ती शाळेच्या खो-खो संघात होती. सरावाला घाम आला की तो गालांवरून तिखटासारखा उतरायचा. गेल्या शुक्रवारी पाठलाग करताना तिचा हात आपसूक चेहऱ्याकडे गेला आणि समोरची मुलगी हातभर अंतरावरून निसटली. त्यानंतर मनवा सरावाला गेलीच नव्हती. जिल्ह्याचे सामने चोवीस दिवसांवर आले होते.

घरात एकच माणूस उरला होता ज्याला तिनं विचारलं नव्हतं: तिचे आजोबा, आईचे वडील. सगळे त्यांना तात्या म्हणत. डॉ. दिगंबर तात्यांनी एकतीस वर्षं चंद्रावरच्या निवासांच्या भिंतींना लावायचे लेप तयार केले होते. आतली हवा आणि पाणी बाहेर जाऊ न देणारे लेप. माणूस हुशार होता, पण त्यांना एक सरळ प्रश्न विचारला की ते चार उलटे प्रश्न विचारत. म्हणूनच मनवा त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी गेली.

"तात्या, पाणी झोंबतंय."

तात्यांनी चष्मा वर केला. "कुठं झोंबतंय?"

"चेहऱ्याला."

"हाताला?"

"हाताला कशाला झोंबेल?"

"हाताला काय काय लावलंस?"

"काहीच नाही. तात्या, उत्तर द्या ना. प्रश्न नकोत."

"उत्तरच देतोय," तात्या उठत म्हणाले. "चल त्या बडबडीकडे."

त्यांनी आरसीवरचा टॉवेल काढला. आरसी लगेच तेरावी बाटली सांगू लागली. "गप्प," तात्या म्हणाले. "मला सल्ला नको, कच्ची नोंद हवी. मागितली की द्यावी लागते, कायदा आहे. बाष्पक्षय किती?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा.

बाष्पक्षय (कातडीतून वाफ होऊन उडून जाणारं पाणी) मोजायची एक बारीक पट्टी आरसीच्या कडेला होती. मनवानं आधी तिच्यावर हाताची आतली बाजू टेकवली. "आठ," आरसी म्हणाली. मग गाल टेकवला. "छत्तीस."

"म्हणजे काय?" मनवानं विचारलं.

"एक चौरस मीटर कातडीतून तासाला इतके ग्रॅम पाणी उडतंय. हात आणि चेहऱ्याचा आकडा अगदी सारखा कधीच नसतो, पण निरोगी गालाचा पंधराच्या आसपास असायला हवा. तुझा गाल गळतोय."

"गळतोय? मी रोज दोन दोन क्रीमं लावते."

"म्हणूनच," तात्या म्हणाले, आणि तिला मागच्या ओट्यावर घेऊन गेले.

तिथल्या फरशीच्या दोन ओळी पांढऱ्याफटक होत्या. गेल्या दिवाळीत साफसफाई करणाऱ्यानं डाग काढायला फरशीवर ॲसिड ओतलं होतं. डाग गेले, पण फरशांमधल्या सांध्यांतला सिमेंटचा भरावही खाल्ला गेला. आता त्या भेगांतून पाणी खाली मुरायचं.

"फरशी शाबूत आहे ना?" तात्यांनी विचारलं.

"आहे."

"मग पाणी कुठून जातं?"

"सांध्यांतून. तात्या, याचा माझ्या गालाशी काय संबंध?"

"तुझ्या कातडीचा सगळ्यात वरचा थर असाच आहे. चपट्या, मेलेल्या पेशी म्हणजे फरशा. त्यांच्यामध्ये स्निग्धद्रव्यं भरलेली असतात (चरबीच्या जातीचे, पाण्यात न विरघळणारे पदार्थ). तो भराव. तो आहे तोवर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं बाहेर. आता सांग, लिंबू म्हणजे काय?"

"आम्ल."

"आणि सोडा, अंगाचा साबण?"

"आम्लारी. शाळेत झालंय आम्हाला. आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ."

"कातडीचा वरचा थर अगदी किंचित आम्लधर्मी असतो. त्याच स्थितीत तिला भराव तयार करता येतो. तू तिच्यावर सकाळी जहाल आम्ल ओतलंस, संध्याकाळी आम्लारी, आणि मधल्या वेळेत खरखरीत पेस्टनं घासलंस. सांधे उघडे पडले. आतलं पाणी उडायला लागलं आणि बाहेरचं पाणी, घाम, क्रीम, सगळं आत शिरायला लागलं. आत मज्जातंतूंची टोकं असतात (मेंदूकडे संवेदना नेणारे धागे). त्यांना साधं पाणीही डिवचतं."

मनवा फरशीच्या भेगेकडे पाहत राहिली. पाण्याचा दोष नव्हता तर.

"मग भराव भरायला काय लावू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"कातडी भराव स्वतः भरते. तुझं काम तिच्या मधे मधे न करण्याचं."

मनवाचं डोकंच फिरलं. अकरा बाटल्या, लिंबू, सोडा आणि मातीनंतर एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं सांगावं काय, तर काही करू नकोस. तिचा विश्वास बसला नाही, हे तात्यांनाही दिसलं. त्यांनी स्वयंपाकघरातून तीन काकड्या आणल्या.

"माझ्यावर नको, वजनकाट्यावर विश्वास ठेव. एक तशीच. एकीचं साल काढ. तिसरीचं साल काढून तिला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात दे. वजनं लिहून ठेव आणि पंख्याखाली ठेवून दे."

दुसऱ्या दिवशी मनवानं वजनं केली. साल असलेली काकडी चार ग्रॅमनी घटली होती. सोललेली तब्बल एकतीस ग्रॅमनी, आणि ती सुरकुतूनही गेली होती. जेली लावलेली सहा ग्रॅमनी.

"म्हणजे जेलीनं पाणी घातलं नाही," मनवा हळूहळू म्हणाली. "नुसतं झाकण घातलं."

"आता बोललीस. साल पुन्हा येईपर्यंत झाकण. काकडीला साल येत नाही, तुला येतं."

दोघांनी मिळून तीन गोष्टींची यादी केली. सकाळी नुसत्या गार पाण्यानं तोंड धुवायचं. संध्याकाळी सौम्य, बिनवासाच्या द्रवानं एकदाच, न घासता; चेहरा दमट असतानाच साध्या, बिनवासाच्या क्रीमचा पातळ थर. उन्हात टोपी, आणि आग थांबली की उन्हापासून वाचवणारं मलम. शरयू कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सगळं घेऊन आली. "आरसीच्या एका बाटलीपेक्षा हे तिन्ही मिळून स्वस्त पडलं," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

पुढचे दिवस मनवाच्या आयुष्यातले सगळ्यात कंटाळवाणे होते. काही न करणं किती अवघड असतं, हे तिला आधी ठाऊक नव्हतं. आकडा छत्तीसचा तेहतीस झाला, मग एकोणतीस. मुरूम मात्र सातच्या सात, जिथल्या तिथं. आरसी रोज नव्या बाटलीचं नाव घ्यायची आणि मनवा रोज दात ओठ खायची.

नवव्या दिवशी संघाची कप्तान अंजुम घरी आली. "पंधरा दिवस राहिले," ती म्हणाली. "तू येणार आहेस का नाही, एवढंच सांग. नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल." ती रागावली नव्हती, म्हणून मनवाला जास्तच लागलं. अंजुम गेल्यावर मनवानं दार लावलं आणि सातही मुरुमांवर टूथपेस्ट थापली.

सकाळी आरसीनं आकडा सांगितला. चौतीस.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "नऊ दिवस. नऊ दिवसांचं काम एका रात्रीत धुऊन टाकलंस. तुला सांगून काही उपयोग आहे का?"

"तुम्हाला काय जातंय सांगायला?" मनवाचा आवाज चढला. "भराव भरतोय, भराव भरतोय. मुरूम तर तसेच आहेत. वर्गात सगळे कपाळाकडे बघून बोलतात माझ्याशी. डोळ्यांकडे कुणी बघत नाही. आणि तुम्ही म्हणता काही करू नकोस."

तात्या खुर्चीत बसले. चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला भराव कळतो. मुरूम मला कळत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी दुसरीकडे पाहिलंच नाही. चल, जिला कळतं तिच्याकडे जाऊ."

मनवानं आजोबांच्या तोंडून 'मला कळत नाही' हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. तिचा राग कुठे गेला ते तिलाच समजलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं. "या वयात संप्रेरकं वाढतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे शरीरातच तयार होणारे रासायनिक निरोप. ते तेलाच्या ग्रंथींना जास्त तेल सोडायला सांगतात. तेल आणि मेलेल्या पेशी मिळून छिद्र तुंबतं, आत जंतू वाढतात, सूज येते. तू घाणेरडी राहतेस म्हणून हे होत नाही. घासून तर मुळीच जात नाही."

त्यांनी एकच लहान नळी लिहून दिली, आणि वर बजावलं. "आधी जळजळ पूर्ण थांबू दे. मग हनुवटीखाली एका ठिकाणी तीन दिवस लावून बघ. काही झालं नाही तरच मुरुमांवर. दोन महिने लागतील. घाई केलीस तर पुन्हा इथेच येशील."

"एका वेळी एकच बदल," परत येताना तात्या म्हणाले. "नाहीतर कशानं बरं झालं आणि कशानं बिघडलं, कळणार कसं?"

"हे आधी सांगितलं असतं तर?"

"आधी विचारलंस कुठं? तू थेट पाणी का झोंबतं हे विचारलंस."

मनवानं त्यांच्याकडे असं पाहिलं की तात्या पुढचा सगळा रस्ता मुकाट चालले.

त्या दिवसापासून तिनं काही थापलं नाही. आकडा चढला होता तसा उतरू लागला. अठ्ठावीस. चोवीस. एकोणीसवर आला तेव्हा पाणी झोंबायचं थांबलं, आणि ती अंजुमला निरोप न देताच मैदानावर जाऊन उभी राहिली. अंजुमनं काही विचारलं नाही. रांगेतली जागा तेवढी बोटानं दाखवली.

सामन्याच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन तापलं होतं. मनवानं मलम लावलं, टोपी मैदानाबाहेर ठेवली आणि खेळली. तिनं दोन गडी टिपले, एक तर खांबापाशी सूर मारून. कोपर सोललं, तोंडात माती गेली, घाम हनुवटीवरून टपकत होता. तरी संघ एका गुणानं हरला. शेवटचा गडी बाद होता, पंचांना दिसलाच नाही, यावरून मनवा आणि अंजुम पाणी पिताना तावातावानं भांडत होत्या, दोघी एकाच बाजूनं. तात्यांनी जवळ येऊन विचारलं, "झोंबलं का गं?"

"काय?"

"घाम."

मनवा थांबली. तासभर आपल्याला चेहरा आहे हेच ती विसरून गेली होती. तिनं गालाला हात लावला. माती, घाम आणि पाच मुरूम. आग अजिबात नव्हती.

"नाही," ती म्हणाली. मग लगेच, "पण तो गडी बाद होता, तात्या."

हरलेल्या संघाच्या मुली झाडाखाली बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं हळूच आपली बाही वर करून अंजुमला काही दाखवलं. कोपराच्या घडीत लाल, खरबरीत चट्टा होता. तिच्या घरच्या आरसीनं त्याला सहा बाटल्या सुचवल्या होत्या. दुसरी म्हणाली, माझ्या आईचे हात धुण्याभांड्यांनी असेच फुटलेत. तिसरीनं विचारलं, "मनवा, तू कोणतं क्रीम लावलंस गं?"

मनवानं एक लांब सुस्कारा सोडला. बाटलीचं नाव सांगितलं असतं तर दोन सेकंदांत काम झालं असतं.

"ते नाही सांगत," ती म्हणाली. "तुझ्या चट्ट्याला आधी डॉक्टर लागेल. बाकीच्यांनी आपापल्या आरसीला बाष्पक्षय विचारा, सल्ला नको म्हणून सांगा. उद्या आकडा घेऊन या. दुकानात चार साधी क्रीमं मिळतात. हाताच्या आतल्या बाजूला एकेक करून आपणच लावून बघू, कुठलं खरं झाकण घालतं ते. आरसीनं असं कधी शोधलंय असं मला वाटत नाही."

"सुट्टीच्या दिवशी हे करायचं?" तिसरी मुलगी वैतागून म्हणाली. "सरळ नाव सांग ना."

"वही कुणाकडे आहे?" मनवानं विचारलं.