चवीचा रकाना

पाणी तपासणीच्या अर्जावर अकरा रकाने होते, आणि ताईला एकही रकाना कोरा सोडवत नसे. आधीच्या साहेबांनी मात्र किनाऱ्यावरच्या झऱ्याच्या अर्जात चवीचा रकाना वर्षानुवर्षं मोकळा ठेवला होता. फक्त शेवटच्या अर्जावर ‘खारट’ असं लिहिलं होतं आणि त्याच्या वरच्याच ओळीत क्षार एकशे बारा. म्हणजे चांगलं गोडं पाणी. पुढच्याच महिन्यात साहेब वारले. चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या पलंगावर. फुप्फुसात पाणी झालं होतं म्हणे. आता त्यांच्या जागी ताई आली होती, आणि अर्धवट कामाचा तिला भारी तिटकारा.

त्या दिवशी बरोबर धाकटा भाऊ होता. सोमवारी त्याला जहाजावर रुजू व्हायचं होतं, नऊ महिन्यांसाठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला वाढवलं ते ताईनेच. प्रत्येक सफरीआधी तिला धास्ती वाटायची आणि ती लपवायला ती त्याच्यावर खेकसायची.

“तपासायला निघालीस की लढाईला?” बाटल्यांची पेटी उचलत तो म्हणाला.

“बडबड कमी कर आणि पायाखाली बघ. शेवाळं आहे.”

झरा काळ्या खडकांच्या बेचक्यात होता. भोवती दगडी कठडा, आणि कठड्यावर दोरांनी कापलेल्या बोटबोट खोल खाचा. तीनशे वर्षं जहाजं इथूनच पिंपं भरून नेत. भरतीला समुद्र हे सगळं गिळायचा. ओहोटी लागली की तळातून पुन्हा गोडं पाणी वर यायचं. ताईने क्षारांचा मापक बुडवला. एकशे बारा. पुन्हा बुडवला. एकशे बाराच. समुद्र दहा पावलांवर होता, आणि समुद्राच्या पाण्याचा आकडा असतो पस्तीस हजार.

झऱ्याची राखण करणारी म्हातारी कठड्यावरचं शेवाळं खरवडत बसली होती. तिने पेला पुढे केला. “प्या की. फक्त चव बोलायची नाही.”

“आजी, चवच तर लिहायचीय मला,” ताई हसली. “का नाही बोलायची?”

“गोड लागलं तर बोलण्यासारखं काय असतं? आणि खारट लागलं, तर समुद्राने माणूस हेरला म्हणायचं. पूर्वी खलाशी निघण्याआधी एकेक घोट घ्यायचे. ज्याचं तोंड वाकडं झालं, तो घरी बसायचा.”

“आणि वाचायचा?” भावाने विचारलं.

म्हातारी शेवाळं खरवडत राहिली.

ताई प्यायली. गार, स्वच्छ, गोड पाणी. उरलेला पेला तिने भावाला दिला. त्याने घोट घेतला आणि पचकन थुंकला.

“शी! खारट आहे गं!”

“थट्टा पुरे.”

“थट्टा नाही, ताई. तुझी शपथ.”

तो तिची शपथ कधीच घेत नसे. तिने त्याच्या हातातला पेला घेतला, मापक बुडवला. एकशे बारा.

म्हातारीचा हात थांबला. वारा पडला होता. लाटा येऊन फुटत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. झऱ्याचं पाणी कठड्याच्या खाचांपर्यंत चढलं होतं. आणि ओहोटी तर अजून चालू होती.

“लागलं कोणाला?” म्हातारीने विचारलं.

ताईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण तिला सोमवार दिसला. ती घाबरली, अगदी लहान मुलासारखी घाबरली.

“मला,” ती म्हणाली. “तो माझी री ओढतोय.”

भाऊ काही बोलायच्या आत तिने चवीच्या रकान्यात ‘खारट’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

पाणी हळूहळू खाचांखाली उतरलं. लाटांचा आवाज परत आला.

“आता पी रे,” म्हातारी म्हणाली.

भावाने भीत भीत घोट घेतला. मग पेलाभर पाणी घटाघटा प्यायला. “अरेच्चा, गोड आहे की!”

म्हातारी ताईकडे बघत होती. “मागचे साहेबही असंच म्हणाले होते,” ती हळूच म्हणाली. “बायको बरोबर होती त्यांची.”

भाऊ सोमवारी गेला. तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, प्रयोगशाळेत त्याचा फोन आला. किनारा तिथून चार तासांवर होता.

“ताई, वादळात सापडलो होतो. एक लाट डेकवरून गेली. माझ्या डावीकडचा गेला, उजवीकडचा गेला. मला शिवलीसुद्धा नाही गं. माझे कपडे कोरडे होते.”

ताईला रडू फुटलं.

“तुझा आवाज असा का येतोय?”

“काही नाही. जरा खोकला झालाय. तू जप.”

फोन ठेवताच खोकल्याची उबळ आली. हाताशी नमुन्याचा रिकामा पेला होता, तोच तिने तोंडाशी धरला. तोंडातून घोटभर पाणी त्यात पडलं. नितळ.

सवयीने तिने मापक बुडवला.

पस्तीस हजार.

तिने मापक पुसला, पुन्हा बुडवला. आकडा तोच. पेल्याच्या तळाशी चिमूटभर वाळू हळूहळू बसत होती.