दिवसाआड पाणी

रिकामं घर कसं राखावं यावर श्यामराव तासभर बोलू शकत आणि ऐकणारा सापडला तर बोलतही. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर यंत्रं सुटली, तेव्हा घरं त्यांच्या तावडीत आली. पाण्याचा मेन कॉक बंद करा. न्हाणीच्या जाळीवर फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे झुरळं वर येत नाहीत. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडा. भाडेकरू येण्याआधी भिंतींचे फोटो काढा आणि तो गेला की कुलूप बदला. लग्नकार्यात नातेवाईक त्यांच्या शेजारची खुर्ची टाळत, ते याच कारणाने.

ते स्वतः राजगुरुनगरला राहत. भाड्याने द्यायचा फ्लॅट कासारवाडीत होता, दुसऱ्या मजल्यावर, स्टेशनपासून इतका जवळ की गाडी गेली की स्वयंपाकघरातली मांडणी किणकिणायची. जुना भाडेकरू गेल्यावर त्यांनी नवा शोधला नाही. मुलगी दिव्याचे दिवस भरत आले होते. जावई अनिशचं ऑफिस पिंपरीला, म्हणून बाळंतपणानंतर दोघांनी बाळासह इथेच राहायचं ठरलं होतं. पण ऐनवेळी शैलाताईंचा, म्हणजे श्यामरावांच्या बायकोचा, हात मोडला आणि प्लास्टरमध्ये गेला. बाळाला न्हाऊमाखू कोण घालणार, हा घोर सगळ्यांनाच लागला. मालिशवाली बाई काही मिळेना. श्यामरावांनी मनाशी ठरवलं की निदान घर तरी असं तयार करायचं की लेकीला कशाची ददात पडू नये.

रंगकामाआधी ते फ्लॅट बघायला गेले, तेव्हा ओट्यावर भाडेकरूने सोडलेली स्टीलची घागर होती. काठोकाठ भरलेली, वर ताटली. शिळं पाणी म्हणून त्यांनी ती मोरीत पालथी केली.

पुढच्या खेपेला घागर पुन्हा भरलेली होती. शेजारची बादलीही. नळाच्या तोंडाला गाळायला पांढरं फडकं बांधलेलं होतं, घट्ट गाठ मारून. कासारवाडीत पाणी दिवसाआड यायचं आणि नळाच्या दिवशी सगळी बिल्डिंग सकाळीच भांडी भरायला उठायची. पण या घरातला मेन कॉक त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला होता. त्यांनी तो आणखी पिळून पाहिला. नळ सोडला तर थेंब नाही.

दुसरी किल्ली कुणाकडे तरी असणार. त्यांनी कुलूप बदललं, नवी किल्ली कुणालाही दिली नाही. प्लंबरला बोलावलं. तो कॉक उघडून, बघून, परत बसवून म्हणाला की कॉक ठणठणीत आहे.

तरीही भांडी भरतच राहिली. दरवेळी एखादं जास्त. पाणी ताजं असायचं, ताटलीवर धुळीचा कण नसायचा.

समोरच्या दारात यशोदाबाई राहायच्या, मूळच्या गावातल्या. बिल्डिंग झाली ती त्यांच्याच वावरात. श्यामरावांनी आडून आडून विषय काढला. त्या म्हणाल्या की नळाच्या दिवशी तुमच्याकडं भांड्यांचा आवाज येतो, मला वाटलं घरातलं कोणी आलं असंल. मग त्या दाराला टेकल्या.

"तुमी ते पानी वतून देता व्हय?" त्यांनी विचारलं. "भरलेलं वतू न्हाई, दादा. भरनाऱ्याला काय वाटंल?"

श्यामरावांना राग आला. आयुष्यभर बिघाड शोधून काढलेल्या माणसाला असलं काही ऐकावं लागावं, हे त्यांना सोसेना. ते घरात गेले आणि एकेक भांडं उचलून मोरीत रिकामं केलं. फडकं सोडून खिडकीबाहेर फेकलं. मग नळाच्या दिवशी येऊन त्यांनी कॉक उघडला, सगळी भांडी स्वतः भरली आणि कॉक पुन्हा बंद केला. आता माझ्या घरात माझंच पाणी, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात दिव्याला मुलगी झाली. नाव आधीच ठरलेलं होतं, ओवी. आणि त्याच आठवड्यात कुठल्याशा खोदकामात मोठी पाइपलाइन फुटली. नळ आलाच नाही. लोक हंडे घेऊन टँकरमागे धावत होते. उद्या सकाळी दिव्याला दवाखान्यातून सोडणार होते. आपण भरून ठेवलंय, या समाधानात श्यामरावांनी संध्याकाळी फ्लॅटचं दार उघडलं.

सगळी भांडी रिकामी होती. नुसती रिकामी नव्हेत, पुसून, ओट्यावर ओळीने पालथी घातलेली. सांडल्याची खूण कुठेही नव्हती.

ते खाली फरशीवर बसले. बाहेरून गाडी गेली, मांडणी किणकिणली. उद्या चार दिवसांचं बाळ या घरात येणार होतं आणि त्याचे लंगोट धुवायलासुद्धा घरात थेंब नव्हता. त्यांना रडू यायचं बाकी होतं. शेवटी ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि कोणी ऐकत नाही ना, हे बघून घेऊन हळूच बोलले.

"बाळ येतंय उद्या. पाणी लागेल."

थोडं थांबून म्हणाले, "माझं चुकलं."

दवाखान्यात जायच्या आधी सकाळी त्यांनी कुलूप काढलं. नळाला पांढरं फडकं बांधलेलं होतं. घागर, बादल्या, पातेली, सगळं भरलेलं, झाकलेलं. बाथरूममध्ये बाळासाठी आणलेला नवा गुलाबी टब होता. तोही भरलेला.

त्यांची आई बघायची तसं त्यांनी त्यात कोपर बुडवून पाहिलं.

पाणी कोमट होतं. तान्ह्या बाळाला सोसेल इतपतच. गीझर अजून गॅलरीत खोक्यातच होता.

श्यामरावांना भीती वाटली. पण दुपारी दिव्या ओवीला घेऊन आली, पोर दुपट्यात गाढ झोपलेली होती, आणि भरलेल्या घागरी बघून दिव्याचे डोळे पाणावले. "बाबा, एवढं केलंत?" ती म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढे सगळं सुरळीत चाललं. दिव्याला वाटायचं अनिश पहाटे उठून पाणी भरतो. अनिशला वाटायचं दिव्याच भरते, आणि एवढी दमलेली असून बोलून दाखवत नाही, याचं त्याला भारी कौतुक. श्यामरावांनी दोघांचाही गैरसमज तसाच राहू दिला. ओवी बाळसं धरू लागली, दिव्याच तिला अंघोळ घालायची, तेव्हा ती कधी रडली नाही.

ती सहा महिन्यांची झाली आणि अनिशची नागपूरला बदली झाली. सामान गेलं. ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून टब मागे राहिला. श्यामरावांनी मेन कॉक बंद केला, जाळीवर फरशीचा तुकडा ठेवला, कुलूप बदललं. जाताना दारात घुटमळले. पाणी भरणाऱ्याला काहीतरी सांगायला हवं होतं, पण लाज वाटली.

नवा भाडेकरू घर बघायला येणार होता, त्या सकाळी ते आधी पोचले. ओट्यावरची भांडी कोरडी होती. त्यांना हायसं वाटलं.

मग बाथरूममधून वेखंडाचा वास आला.

टब मधोमध होता. पाणी भरलेलं, पण स्वच्छ नव्हे. वर तेलाचा तवंग, तळाशी डाळीच्या पिठाचा गाळ. फरशी ओली. पाण्यात हात घातला तर ते अजून कोमट होतं.

त्यांनी तिथूनच दिव्याला फोन लावला. ओवी कशी आहे, विचारलं.

"मजेत आहे, बाबा. झोपलीय अजून. फक्त हल्ली रोज सकाळी तिचे केस ओले असतात. घाम असेल ना?"

"अंघोळ घातलीस का आज?"

"अजून नाही. का हो?"

श्यामराव टबावर वाकले. टबाच्या काठाला जावळाचा एक बारीक, काळा केस चिकटला होता.