रेड सायलोचा दुसरा आवाज

डब्लिनमधल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमधल्या, मराठी घरांत प्रफुल्लची ओळख 'रेड सायलोवाला' अशी होती. कोणी पुरणपोळीसाठी ओळखलं जातं, कोणी क्रिकेटसाठी; प्रफुल्ल एका अमेरिकन रॉक बँडसाठी. मक्याच्या शेतांतून निघालेल्या चार पोरांनी एकोणीसशे बहात्तरला पहिला अल्बम काढला, मग आणखी आठ, मध्ये एक लाइव्ह, आणि अठ्ठ्याण्णवला गाशा गुंडाळला. कुठलं गाणं कुठल्या अल्बमवर, ड्रमर कधी बदलला, कुठल्या रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाला ताप होता, सगळं त्याला तोंडपाठ.

पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या लॉयडने त्याला एक सीडी दिली होती, तिथून हे सुरू झालं. आवड खरी होती, नाही असं नाही. पण तिचा उपयोगही होता. अमेरिकन लोकांत बोलायला विषय मिळाला, आणि मराठी लोकांत विषय बदलायला. "नागपूरचे म्हणजे कुठले तुम्ही?" इथपर्यंत गाडी आली की प्रफुल्ल रेड सायलोवर उडी मारायचा. मेश्राम हे आडनाव त्याने कधी लपवलं नव्हतं. फक्त सांगायची वेळ येऊ दिली नव्हती. एकदा जेवताना त्याच मराठी मंडळीतला संजीव कोणाबद्दल तरी म्हणाला होता, "जयभीमवाले आहेत, पण यार, एकदम क्लीन लोक हां." टेबल हसलं. प्रफुल्लही हसला. त्या हसण्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली, पण हसला होता हे खरंच.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याचे बाबा आले. आईचे गुडघे प्रवासाचे नव्हते, म्हणून एकटेच. धर्मराज मेश्राम, कापड गिरणीतून रिटायर, आणि नागपुरात इंदोरा वस्तीतल्या भीमगीत पार्टीचे मुख्य गायक. खंजिरीवर एक थाप, दोनदा खाकरणं, की समोरची गर्दी गप्प व्हायची. त्यांची एकही कॅसेट निघाली नव्हती. प्रफुल्लने लहानपणी विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, आवाज समोरच्या माणसासाठी राहते बाप्पा, बरणीत भरून ठेवाले ते काय लोणचं आहे?

विनीताने, म्हणजे संजीवच्या बायकोने, रविवारी जेवायला बोलावलं. पाहुणे आलेत हे तिला कुठूनसं कळलं होतं, टाळता येईना. दारात बाबांनी हात जोडले. ते आता काय म्हणणार हे प्रफुल्लला ठाऊक होतं, जन्मभर ते एकच म्हणत आले होते. त्यांचं तोंड उघडायच्या आत तो बोलून गेला, "हे आमच्या शेजारचे काका. भाच्याकडे आलेत, म्हटलं चला."

वडीलधाऱ्या प्रत्येकाला इथे काकाच म्हणतात. त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. बाबांचे जोडलेले हात तेवढे क्षणभर तसेच राहिले. मग ते म्हणाले, "नमस्कार."

दुपारभर प्रफुल्ल स्वतःच्या बापाला काका म्हणत होता. काका, भात घ्या. काका, ताक देऊ? आणि बाबा भात घेत होते, ताक घेत होते. विनीताने खूप आग्रह केला तेव्हा त्यांनी खाली मान घालून एक साधं गाणं म्हटलं, कुठल्या तरी जत्रेचं, कोणाचंही नाव नसलेलं. मुलाची झाकली मूठ त्यांनी झाकलेलीच ठेवली.

परतताना गाडीत त्यांनी एवढंच म्हटलं की तुझा तो बँड लाव. डोळे मिटून ऐकलं. घर आल्यावर म्हणाले, "गडी गाते चांगला. कोरस कमी पडते पण." मग विहाराच्या बांधकामाचं निमित्त करून त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर प्रफुल्लने पाय धरले तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसला जाताना प्रफुल्लने पहिला अल्बम लावला. तिसऱ्या गाण्यात कडवं संपलं आणि शेवटचा शब्द मागून कोणीतरी उचलला. फार दुरून, हॉलच्या दाराबाहेर उभं राहून गावं तसा. त्याने गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. हे गाणं त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि तिथे गिटार सोडून काही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्याने रेडिओ लावला.

दुसऱ्या अल्बममध्ये आवाज दाराच्या आत आला होता. तिसऱ्यात खंजिरी होती.

प्रफुल्ल इंजिनियर माणूस. त्याने सीडी पुसली, प्लेअर बदलला, लायब्ररीतून त्याच अल्बमची दुसरी प्रत आणली, हेडफोन लावून दोन्ही पडताळून पाहिल्या. दोन्हींत ड्रमच्या खाली, तालाला किंचित आधी पडणारी खंजिरी होती. शेवटी लंचच्या वेळी, सहज विचारतोय असं दाखवत, त्याने लॉयडला विचारलं. मागे कोणीतरी गातं, ते कोण?

लॉयडने सँडविच खाली ठेवलं. एवढी वर्षं ऐकूनही हा असं विचारतो, याचं त्याला नवल वाटलं असावं.

"म्हातारा ना? तो पहिल्यापासून सगळ्या अल्बमवर आहे. कोण आहे ते कोणालाच माहीत नाही. हा आमचा माणूस, असं सांगायला कधी कोणी पुढे आलंच नाही."

त्या रविवारी नागपूरला फोन केला तर बाबांचा आवाज बसला होता. हवा बदलली, ते म्हणाले. पुढच्या रविवारी तो आणखी बारीक झाला. मधल्या आठवड्यात प्रफुल्लने चौथा आणि पाचवा अल्बम ऐकला होता, आणि पाचव्यात ते खाकरणं इतकं जवळ होतं की गाडी चालवताना त्याने मागच्या सीटकडे वळून पाहिलं.

त्यानंतर त्याने सीड्या गाडीतून काढल्या आणि कपाटात बंद करून ठेवल्या. बाबांचा आवाज मात्र परत येईना. डॉक्टरांनी घसा तपासला, काही सापडलं नाही. आवाज कुठे गेला हे प्रफुल्लला ठाऊक होतं, आणि तो कशाने परत येईल हेही मनातल्या मनात ठाऊक होतं. एक वाक्य होतं, दोन-चार शब्दांचं, चार माणसांत बोलायचं. लोक रोज बोलतात. त्याच्या तोंडात मात्र मूग भरले होते.

सप्टेंबरात विनीताकडे दुपारचं बार्बेक्यू होतं. घराबाहेरच्या लाकडी डेकवर मक्याची कणसं भाजत होती. प्रफुल्ल आला तसा संजीव आतून एक सीडी नाचवत आला. रेड सायलोचा लाइव्ह अल्बम. खास तुझ्यासाठी घेतला, म्हणाला. प्रफुल्लने नको नको म्हणेपर्यंत त्याने तो लावलासुद्धा.

टाळ्या, शिट्ट्या, मग गिटार. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी गायक काहीतरी बोलला, लोक हसले, आणि वाद्यं थांबली.

खंजिरीवर एक थाप पडली. कोणीतरी दोनदा खाकरलं.

मग बाबा गाऊ लागले. एकटे, मोकळ्या गळ्याने, इंदोऱ्याच्या चौकात गायचे तसे. बाबासाहेबांचं नाव घेऊन.

डेकवरचं बोलणं हळूहळू थांबलं. "अरे, हे तर मराठी आहे," कोणीतरी म्हणालं. संजीवने सीडीचं कव्हर उलटसुलट करून पाहिलं. विनीता हातातला चिमटा तसाच धरून ऐकत होती. तिने प्रफुल्लकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत कुत्सित असं काही नव्हतं. उलट मायाच होती, आणि तीच त्याला सोसवेना.

"हा आवाज मी ऐकलाय," ती म्हणाली. "तुझे ते काका आले होते ना, प्रफुल्ल? कोण होते रे ते तुझे?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आत्ता, तो स्वतःला म्हणाला. आत्ता बोल.

"कोणी नाही," तो म्हणाला. "शेजारचे."

गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

सीडी चालू होती. हजारो माणसांचा श्वास ऐकू येत होता, खुर्च्यांची करकर ऐकू येत होती. गर्दी वाट बघत होती. संजीवने बटण दाबलं आणि खराब निघाली यार म्हणत कणसांकडे वळला.

प्रफुल्ल पार्किंगमध्ये गेला. त्याने कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवला. फोन आईने घेतला.

"तुलेच लावणार होती मी," ती म्हणाली. "आता बसल्या बसल्या त्यांचा आवाजच गेला. तोंड हलवून राहिले, पण काहीच निघत नाही. थांब, फोन मागून राहिले."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

बाबांचा श्वास आला. आणि त्यामागे आणखी काहीतरी होतं. खुर्च्यांची करकर. कोणीतरी दाबलेला खोकला. मोठ्या हॉलमध्ये खूप माणसं गप्प बसली की येते तशी शांतता.

"आई," तिला ऐकू जावं म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "घरात कोण आलंय?"

दुरून आईचा आवाज आला. "कोण येईल एवढ्या रात्री? आम्ही दोघंच तर आहोत."

प्रफुल्लने डेककडे पाहिलं. काचेच्या दारात विनीता उभी होती, त्याच्याकडेच बघत. त्याने तिच्याकडे पाठ केली, तोंडावर हात धरला, आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो फोनमध्ये म्हणाला, "बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

पलीकडे कोणी हललं नाही.

मग हॉलच्या अगदी मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही."