पायाळू

सप्टेंबरच्या चौदा तारखेला, दुपारी साडेचारला, शेजारची शोभाबाई ओल्या साडीनं दारात आली. तिचं वावर आमच्या वावराला लागून आहे.

"भाऊजी, रुख्माबाई उठून नाई राह्यली."

"कुठून?" मी विचारलं.

तिनं वावराकडे हात केला. मला तेव्हा कळलं.

वडनेरपासून आमचं वावर दीड किलोमीटर. मी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. माझी बायको रुख्माबाई सोयाबीनमध्ये उकिडवी बसल्या जागी कलंडली होती. पाय जुळवलेले, हात कानांवर. विजेपासून कसं वाचावं ते ग्रामपंचायतीत सांगितलं होतं. झाडाखाली थांबू नका. अंगावरचे केस उभे राहिले तर वीज तुमच्यावरच पडणार समजा, पाय जुळवून उकिडवे बसा. तिनं सगळं तसंच केलं होतं. म्हैस पाच हातांवर चरत होती.

ती म्हैस आणायला मी जायला हवं होतं. पण मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाला वीज शोधते असं आमच्याकडे म्हणतात. आभाळ आलं की आधी आईनं आणि मग रुख्माबाईनं मला घरात बसवलं. मी ते मानत नाही. तरी बसायचो. त्या दिवशीही बसलो होतो. मोठा कडकडाट झाला तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

पायाळू माणसाचा लोकांना उपयोगही असतो. कमरेत चमक भरली की माणूस माझ्या दाराशी पोत्यावर पालथा झोपतो. मी उजवा पाय तीनदा कमरेला लावतो. बरं वाटतं म्हणतात. त्या सकाळी रुख्माबाईच म्हणाली होती,

"चमक भरली. जरा पाय लावून द्या."

"संध्याकाळी लावतो."

"गावभराच्या कमरा पाह्यता. घरच्या मानसाले टाइम नाई."

दुपारी ती कमरेवर हात ठेवूनच निघाली. "तुमी बसा घरात. मी म्हैस आनतो."

तेरवीनंतर मुलगी सुरभी सिंदी मेघेला परत गेली. जाताना तिनं माझ्या फोनवर विजेचं ॲप टाकलं. वीज पडली की घंटी वाजते आणि नकाशावर लाल ठिपका येतो. पाच मिनिटांनी तो पिवळा होतो, मग जातो.

"घंटी वाजली का घरातच राह्यजा, बाबा."

ऑक्टोबरच्या तीन तारखेला घंटी वाजली तेव्हा मी अंगणात होतो. कडक ऊन होतं, एकही ढग नव्हता. ठिपका आमच्या वावरात होता. वेळ चार दहा.

सुरभी फोनवर म्हणाली, "नेटवर्कचं काई असन."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ठिपका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आला. मी जाऊन पाहिलं. गवत जळलं नव्हतं. दोन पावलं जुळवून ठेवावीत एवढी जागा दबली होती. मी शेजारी माझी पावलं ठेवून पाहिली. ती जागा लहान होती.

तिसऱ्या दिवशी विहीर. वावरातून येताना रुख्माबाई तिथे पाय धुवायची.

चौथ्या दिवशी शोभाबाईचा गोठा. तिथे थांबून दोघी बोलायच्या. त्या दिवशी ठिपका वीस मिनिटं लालच राहिला.

संध्याकाळी शोभाबाईनं विचारलं, "कोनी आलतं का, भाऊजी? तुमची म्हैस वरडून राह्यलती."

"काऊन?"

"रुख्माबाई दिसली का जशी वरडे, तशी."

एवढं बोलून ती घरात गेली.

मला काही ठरवता येईना. वीज पायाळूला शोधत येत असेल, तर आई खरं सांगत होती. आणि ती रुख्माबाई असेल, तर कमरेवर हात ठेवून चालत असेल. म्हणून इतकी हळू.

गोठ्यानंतर आमचंच घर. सुरभी म्हणाली, "बाबा, इकडं या, सकाळच्या गाडीनं." मी पिशवी भरली. गाडी आली आणि गेली.

आज चार वाजता मी दाराशी पोतं अंथरलं.

घंटी वाजली. ठिपका घरावर.

बाहेर ऊन होतं. म्हैस वरडली, मग गप्प झाली.

पोतं मधोमध दबलं.

मी चप्पल काढली. भिंत धरली. उजवा पाय उचलला.

हातावरचे केस उभे राहिले.

मी पाय खाली ठेवला आणि मागे सरलो.

आता साडेपाच झाले आहेत. ठिपका लालच आहे. पोतं अजून दबलेलं आहे. तिच्या कमरेला पाय लावायचा राहिला आहे.