चहाला वर आलेला

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. ग्लेनिस ही पोर्ट ऑगस्टामधली माझी शेजारीण. हे सगळं तिनेच मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगता सांगता मध्येच उठून दोनदा बेसिनमध्ये चूळ भरून आली.

रात्र नव्हती हो. सप्टेंबरमधली भर दुपार होती. जागा, विलगाराचं जुनं ओपलचं, म्हणजे रंगीत खड्यांच्या खाणींचं, रान.

ग्लेनिस आणि तिचा नवरा डग सकाळपासून त्यांच्या कॅम्पर गाडीतून तिथे हिंडत होते. डगने तरुणपणी याच रानात ओपल खणले होते. पुढे गुडघे कामातून गेले, खाण सुटली. हौस मात्र सुटली नाही.

चहूकडे पांढऱ्या मातीचे ढीग. प्रत्येक ढिगाशेजारी माणूस उतरेल एवढं उघडं भोक. सगळी ओसाड.

आणि माश्या! नाकात, डोळ्यांत, बोलायला तोंड उघडलं की तोंडात.

एका भोकाशी त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. आत गंजकी लोखंडी शिडी लोंबत होती. ग्लेनिसने दोन खुर्च्या मांडल्या. किटली उकळली, तिने कपांत चहा ओतला, तसा डग लंगडत भोकाशी गेला आणि वाकून ओरडला,

"चहा झालाय रे गड्या! ये वर!"

तिथली रीतच तशी. दोघांची भागीदारी, एक खाली खणणार, दुसरा वर माती ओढणार. चहा झाला की वरच्याने हाक मारायची.

"मेल्या, रिकाम्या भोकात कशाला बोंबलतोस?" ग्लेनिस हसली.

"सवय गं. आणि आलाच कोणी, तर तुझी बिस्किटं आहेत की. एक खाल्लं की आपणहून खाली पळेल!"

ती त्याच्यावर फडकं उगारणार, तेवढ्यात...

शिडी वाजली.

खण्... खण्... खण्...

पावलं चढावीत तशी. सावकाश.

मग थांबली. वर कोणीच आलं नाही.

आणि एकदम ग्लेनिसच्या तोंडावरच्या माश्या उडाल्या. एकूण एक. तिला क्षणभर बरंच वाटलं. मग तिचं लक्ष डगच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं...

सगळ्या माश्या तिथे बसल्या होत्या. थरावर थर. त्या थरांना खांदे होते. गुडघे होते. जिथे तोंड असायला हवं, तिथे त्या सगळ्यात दाट होत्या आणि वळवळत होत्या.

वास आला. फ्रीजमागे उंदीर मरून पडल्यावर येतो ना, तसा. गोडसर.

घाबरून ग्लेनिसने हातातल्या चहाचा घोट घेतला. जिभेला काहीतरी मऊ लागलं. बोटाने काढून पाहिलं...

कातडीचा ओला तुकडा होता.

शी! मला सांगतानाही तिला शिसारी आली.

खुर्च्या, किटली तिथेच टाकून दोघं गाडीत बसले. डगने गाडी पिटाळली. खिडक्या बंद होत्या. तरी थोड्या वेळाने मागून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला.

ग्लेनिसने आरशात पाहिलं. मागच्या बाकावर ते बसलं होतं.

"तू बोलावलंस, तूच त्याला परत पाठव!" ती किंचाळली.

"चहा संपला की पुन्हा हाक द्यायची असते," डग घाम पुसत म्हणाला. "मग खालचा खाली जातो."

"मग दे ना बाबा! मला ओकारी येतेय!"

"ते भोक तर मागे राहिलं, ग्लेन."

"कुठलंही भोक चालेल! थांबव गाडी!"

डगने दिसेल त्या भोकाशी गाडी थांबवली. त्याने मागचं दार उघडलं, तसा वासाचा असा लोट आला, की ग्लेनिस खिडकी उघडून डोकं बाहेर काढून भडाभडा ओकली. तिने डोळे घट्ट मिटले होते. पुढचं तिने फक्त ऐकलं.

"चल गड्या, चहा संपला. खाली!" डगचा आवाज.

मग...

खण्... खण्... खण्... आवाज खोल खोल गेला.

तिने डोळे उघडले. माश्या नव्हत्या. डग भोकाशी पाठमोरा उभा होता.

त्या भोकाला शिडीच नव्हती.

डग वळला, ताडताड चालत आला आणि एका उडीत गाडीत चढला. उडी? त्या गुडघ्यांनी?

"डग? बरा आहेस ना?"

तो नुसता हसला. दातांच्या फटींत पांढरी माती होती.

घरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. कधी तोंड मिटून न बसणारा डग! आणि तो वास आता मागून येत नव्हता. शेजारून येत होता.

ग्लेनिस आता बहिणीकडे राहते. तो इथेच असतो. कुंपणापलीकडे दिसतो, हात करतो. मी हात करून घरात जातो. वारा त्याच्या बाजूने असला की खिडक्या लावून घेतो.

"मी परत गेले होते रे," ग्लेनिस शेवटी म्हणाली. "बिनशिडीचं ते भोक सापडलं. म्हटलं, हाक मारावी. माझा माणूस खाली असला तर वर येईल."

"मग?"

"तोंड उघडलं, आणि खालून खोकला आला. डगचा. सिगारेटवाला. चाळीस वर्षं उशाशी ऐकलाय, ओळखणार नाही? पण त्याच्याबरोबर तो वासही वर आला..."

ती उठून पुन्हा बेसिनकडे गेली.

"मला त्याची किळस आली रे. मी हाक न मारताच पळून आले."